एक थेंबही सांडत नाही

बुधवार, ४

आधी दुरुस्ती. सोमवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे, "आज टी-नऊने माझ्या डोळ्यांसमोर एका लढाऊ विमानाला पोटभर इंधन पाजलं." या एका वाक्यात तीन चुका आहेत.

एक, माझ्या डोळ्यांसमोर नाही. विमानं ढगांच्या वर कुठेतरी होती आणि मी चाचणी विभागाच्या खोलीत एका उंच गृहस्थांच्या खांद्यामागून पडदा पाहत होते. अर्धा वेळ तर खांदाच पाहिला. दोन, 'पोटभर' मला कोणी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच घातलं. तीन, इंधन पाजलंच नाही.

(वही परक्याने उघडली तरी त्याला कळली पाहिजे, असा बाबांचा नियम आहे, म्हणून लिहिते. टी-नऊ हे आमच्या कारखान्याचं नवं विमान. ते उडता उडता दुसऱ्या विमानांना इंधन देतं. मागे लांब नळी सोडतं, नळीच्या टोकाला टोपली असते. मागून येणारं लढाऊ विमान आपली सोंड त्या टोपलीत घालतं आणि पितं. गेले तीन महिने मी प्रसिद्धी विभागात बसून या विमानाची स्तुती लिहिते.)

माहितीपत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत साहेबांनी एक जागा मोकळी ठेवली आहे, 'आजवर एकूण इतके लिटर'. तो आकडा विचारायला आज चाचणीबाईंकडे गेले. चाचणी विभागाचं सगळं त्यांच्याच हातात असतं. निवृत्तीला एक वर्ष राहिलं आहे, आणि टेबलावरच्या पेन्सिली त्या उंचीप्रमाणे लावतात.

"बाई, सत्तेचाळीस वेळा मिळून किती लिटर दिलं?"

"कोणत्या सत्तेचाळीस वेळा?"

"तुमच्याच तक्त्यात आहे. प्रयत्न एकोणपन्नास, यशस्वी जोड सत्तेचाळीस."

"हां, जोड. सोंड टोपलीत गेली, जरा थांबली, बाहेर आली. बहुतेक सगळे कोरडे. इंधन सोडतच नाही आम्ही. आधी नुसतं जोडून बघतात."

"आणि सोमवारचा?"

"सोमवारचाही कोरडाच. मुली, पेला ओठाला लावला म्हणजे पाणी प्यायलं असं होतं का?"

"मग ओले जोड किती?"

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आहेत थोडे. आज तू कोरडे पचव."

माहितीपत्रक काल छापून गेलं. दोनशे बारा पत्त्यांवर. त्यात लिहिलं आहे, 'सत्तेचाळीस वेळा हवेत इंधन भरून सिद्ध.' आणि त्याखाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत, 'एक थेंबही सांडत नाही.' दोन्ही वाक्यं माझी. पहिलं तक्त्यावरून, दुसरं नळीच्या टोकाची झडप बनवणाऱ्यांच्या पत्रकावरून. खाली 'मजकूर तपासला' आणि माझी सही.

बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, आई-बाबांनी घरीच शिकवलं. आमच्या घरात खोडरबर नव्हता. चूक झाली की तिच्यावर एक रेघ, शेजारी बरोबर काय ते, आणि तारीख. रविवारी जेवणाच्या टेबलाशी प्रत्येकाने आपल्या आठवड्याच्या चुका मोठ्याने वाचायच्या. बाबांनीसुद्धा. एकदा आईने वाचलं, "हे लग्न." बाबांनी शांतपणे विचारलं, "तारीख?"

दुरुस्तीचेही तीन नियम होते. ज्याची चूक त्यानेच दुरुस्त करायची. ज्यांच्यापर्यंत चूक गेली त्या सगळ्यांपर्यंत दुरुस्ती गेली पाहिजे. आणि चूक जेवढ्या मोठ्या अक्षरात, दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

उद्या साहेबांना सांगेन.

गुरुवार, ५

सांगितलं. वाटलं होतं तसं झालं नाही. फारच चांगलं झालं.

आमच्या साहेबांना ऑफिसात पाठीमागे 'अतिभव्य' म्हणतात, कारण तो शब्द त्यांनी अजून एकाही कागदावर चुकवलेला नाही. मी दारातच म्हणाले, "साहेब, एक चूक झाली आहे. माझ्याकडून."

"कोणाला कळली?"

"मला."

"म्हणजे अजून झालेली नाही. बस."

मी कोरडे-ओले समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"सत्तेचाळीस वेळा जोडलं. खरं?"

"खरं."

"कशासाठी जोडतात?"

"इंधनासाठी."

"मग सत्तेचाळीस वेळा इंधनासाठी जोडलं. यात खोटं काय आहे ते दाखव."

"साहेब, पण भरलं नाही."

"अगं, तू कालचं बोलतेस, मी उद्याचं बोलतोय. यात तुझा दोष नाही, हा खात्याचा फरक आहे. काल म्हणजे चाचणी विभाग. उद्या म्हणजे आपण."

मी म्हणाले, तरीही मला झोप येत नाही. तेव्हा ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, जणू आपल्या हाताखाली हे रत्न आहे हे त्यांना आजच कळत होतं. मग म्हणाले, "तुझ्यासारखं माणूस मला हवंच होतं."

दुपारी परिपत्रक निघालं. मी आता 'तथ्य अधिकारी' आहे. यापुढे टी-नऊविषयीचा कोणताही मजकूर तथ्य अधिकाऱ्याच्या सहीशिवाय छापला, बदलला किंवा मागे घेतला जाणार नाही. मजकुराची संपूर्ण जबाबदारी तथ्य अधिकाऱ्याची राहील. इतर कोणाच्याही, विभागप्रमुखांच्यासुद्धा, सहीची गरज नाही. हा मान साहेबांना स्वतःकडे ठेवता आला असता. केवढं मोठं मन.

एक चूक मात्र दाखवावी लागली. परिपत्रकावर तारीख दोन पडली होती, म्हणजे पत्रक छापून जाण्याच्या आदल्या दिवसाची. साहेब म्हणाले, "राहू दे. लायक तू सोमवारपासूनच होतीस."

बाबांना फोनवर सांगितलं. ते फार खूश झाले. आईने विचारलं, "पगार वाढला का?" नाही म्हटल्यावर ती नुसतं "हं" म्हणाली.

शनिवार, ७

काल नव्या पदाचा पहिला दिवस. एकतीस कागदांवर सह्या केल्या. सगळे वाचले.

आज घोषवाक्याची बैठक, अडीच तास. चित्रफीत करणारे गृहस्थ म्हणाले, टी-नऊ म्हणजे आकाशातली आई आणि मागचं विमान म्हणजे तिचं बाळ. साहेब म्हणाले, "मातृत्व चालेल. पण भव्य हवं." मी म्हणाले, ते बाळ ताशी पाचशे किलोमीटर वेगाने मागून सोंड रोखून येतं, आईला हे आवडेल असं वाटत नाही. मग शेवटी ठरलं, 'आकाशाला आता तहान नाही.' मी विचारलं, आधी होती का? साहेब हसून म्हणाले, "तथ्य अधिकारी, ही घोषणा आहे. हिला सही लागत नाही." तेवढंच एक ओझं कमी.

मंगळवार, १०

सव्वीस तारखेच्या प्रात्यक्षिकासाठी दालन उघडलं. बाहेर मैदानावर फलक लागला आहे. त्यावर 'एक थेंबही सांडत नाही' ही अक्षरं माझ्या उंचीची आहेत. तिसऱ्या नियमाप्रमाणे काय करावं लागेल याचा मी विचार करत नाही.

दालनात एक खुर्ची ठेवली आहे. पाहुण्याने तिच्यात बसायचं, दांडा हलवायचा आणि पडद्यावरची सोंड टोपलीत घालायची. सकाळी एक अतिमहत्त्वाचे पाहुणे बसले. मध्येच त्यांचा फोन वाजला, त्यांनी दांडा सोडला आणि ते घरी कोणावर तरी ओरडू लागले. सोंड आपली आपण टोपलीत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "कसल्या टाळ्या?"

नंतर कॅप्टन आले. विमान विकत घेणाऱ्या देशाच्या हवाई दलाचे वैमानिक. सव्वीसला लढाऊ विमान घेऊन टी-नऊच्या मागे तेच येणार आहेत, आणि या वेळी खरं इंधन घेणार आहेत. तिशीतले, बारीक, बोलताना हात मागे बांधून उभे राहतात. खुर्चीत बसून त्यांनी दांडा पार डावीकडे ओढला. सोंड टोपलीतच. पार उजवीकडे ओढला. टोपलीतच.

"ताई," ते म्हणाले, "तुमचं यंत्र फारच मनमिळाऊ आहे."

मग खिशातून माहितीपत्रक काढलं. घडी घालून घालून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. म्हणजे त्यांनी ते खरोखर वाचलं होतं. आमचं पत्रक वाचलेला माणूस मी प्रथमच पाहिला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हे एक थेंबही सांडत नाही, ते खरं ना? कारण आमच्या जुन्या टँकर विमानामागून सुटताना मी जीव मुठीत धरून असतो. थोडं जरी काचेवर उडालं ना, तरी पुढचं काही दिसत नाही."

मी काय उत्तर दिलं ते लिहायलाच हवं. मी म्हणाले, "पत्रकात छापलं आहे."

"मग झालं. छापलंय म्हणजे कोणीतरी तपासलं असेलच."

मी मान हलवली. कोणत्या दिशेने ते मला आठवत नाही, पण त्यांनी ती होकार म्हणून घेतली.

पाहुण्यांना आम्ही रबरी टी-नऊ देतो, दाबलं की शेपटातून नळी बाहेर येते. कॅप्टन म्हणाले, "दोन द्या, ताई. घरी जुळ्या आहेत. एक नेलं तर तिकडेच युद्ध पेटेल." मी दोन दिली, आणि का कोण जाणे, तिसरंही दिलं.

बुधवार, ११

चाचणीबाई आज आमच्या विभागात आल्या. आमचा पंखा फार आवाज करतो, असं म्हणाल्या. त्यांची खोली दुसऱ्या इमारतीत आहे. पाच मिनिटं पंख्याविषयी बोलून गेल्या आणि माझ्या टेबलावर एक फाईल विसरल्या. किती विसराळू झाल्या आहेत. फाईल उघडीच होती, अठराव्या पानावर, आणि त्या पानावर एक पेन्सिलही विसरल्या होत्या, नेमकी एका ओळीखाली.

दुसऱ्याची फाईल वाचायची नसते. मी वाचली. तीन वेळा.

सत्तेचाळीस जोडांपैकी एक्केचाळीस कोरडे. ओले सहा. सहापैकी दोनदा सुटताना नळीच्या टोकाची झडप वेळेवर मिटली नाही आणि इंधन मागच्या विमानाच्या काचेवर उडालं. एकदा सात सेकंद वैमानिकाला काही दिसलं नाही. एकदा अकरा.

फाईल परत द्यायला गेले.

"अरेच्चा, राहिली का? वाचली नाहीस ना?"

"वाचली. चुकून."

"वय झालं बघ माझं," बाई म्हणाल्या. वय झाल्याचा इतका आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

"बाई, त्या दोन वैमानिकांना काही झालं नाही ना?"

"नाही. त्यांना आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. सुटताना हळू यायचं, सरळ मागे, जरा खालच्या अंगाने. काच धूसर झाली तर काहीही वळवायचं नाही, तसंच धरून ठेवायचं. शिवाय आम्ही उंचावर होतो. वर अकरा सेकंद म्हणजे काही नाही. सव्वीसला तुमचे लोक विमान खाली आणणार आहेत, पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून. तिथे अकरा सेकंद म्हणजे..."

त्यांनी पेन्सिली पुन्हा लावल्या, पण या वेळी उंचीप्रमाणे लागल्या नाहीत.

"तुम्ही कॅप्टनना का सांगत नाही?"

"चाचणी विभागाला पाहुण्यांशी बोलायची बंदी आहे. आम्ही लोकांचा उत्साह घालवतो म्हणे."

निघताना त्यांनी विचारलं, "मुली, तुला हे पद का दिलं, माहीत आहे का?"

"माझा प्रामाणिकपणा बघून."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "अगदी बरोबर," म्हणाल्या. "अगदी तेवढंच बघून."

गुरुवार, १२

आज लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

दुरुस्ती, दहा मिनिटांनी: घडलं. साहेबांच्या दारापर्यंत तीनदा गेले आणि तीनदा पाणी प्यायच्या निमित्ताने परत फिरले. पाणी पुष्कळ प्यायले.

रविवार, १५

घरी फोन. रविवारचं वाचन आता फोनवरच होतं. बाबांच्या दोन चुका: आईला न विचारता कपाट हलवलं, शेजाऱ्यांना सकाळी ओळख दिली नाही. आईची एक: बाबांना कपाट परत हलवायला लावलं, आता ते कुठेच नीट बसत नाही.

मी माझी वाचली. वाचायला वेळ लागला.

बाबा म्हणाले, "नियम माहीत आहेत. तुझी चूक, तू दुरुस्त कर. पण आधी वरिष्ठांना रीतसर कळव. आणि आकडे पुन्हा तपास. दुरुस्तीतच चूक निघाली तर तिच्यासारखी लाज नाही."

आई मध्येच म्हणाली, "तो कॅप्टन जेवला का नीट, तसा वाटतो कसा?"

बाबा म्हणाले, "विषय तो नाही."

आई म्हणाली, "विषय तोच आहे."

मंगळवार, १७

आकडे पुन्हा तपासले. बरोबर आहेत. साहेबांना रीतसर कळवलं.

"सहापैकी दोन," ते म्हणाले. "म्हणजे चारदा नाही सांडलं. बहुमत कोणाचं?"

"साहेब, झडप दुरुस्त झाली का?"

"नवी झडप पुढच्या तिमाहीत."

"आणि प्रात्यक्षिक?"

"या महिन्यात. असं बघू नकोस माझ्याकडे, दोन्ही तारखा मी नाही ठरवल्या."

"मग कोरडाच जोड दाखवू या. नाही तर निदान उंचावरून."

"उंचावरून काय दिसणार पाहुण्यांना? ठिपका. ठिपका कोण विकत घेतं?" मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "हे तू कोणाला लेखी दिलंस का?"

"अजून नाही."

"शहाणी आहेस. नको देऊस. तोंडी आहे तोवर ती काळजी असते. लेखी झालं की ती माहिती होते."

मी उगाच घाबरून जाऊ नये म्हणून बोलत असावेत.

आणखी एक. बुधवार-गुरुवारी, पंचवीस-सव्वीसला, साहेब नसणार. त्यांची दाढ दुखते आणि दंतवैद्याने नेमकी तीच वेळ दिली. वर्षभर ज्या दिवसासाठी राबले तोच दिवस बिचाऱ्यांच्या हातून जाणार. मी हळहळले तेव्हा म्हणाले, "तू आहेस ना. पहिल्या रांगेत बस. तुझं नाव खुर्चीवर लावायला सांगितलं आहे."

पाहुण्यांसाठीच्या पत्रिकेतही त्यांनी स्वतःचं नाव काढून माझं घातलं आहे. मला फार संकोचल्यासारखं झालं.

शुक्रवार, २०

दुरुस्ती. सात तारखेच्या नोंदीत 'एकतीस कागदांवर सह्या केल्या. सगळे वाचले' असं आहे. हे खोटं आहे. एकोणतीस वाचले. शेवटचे दोन वाचले नाहीत, कारण हात दुखत होता आणि गाडी चुकली असती. गाडी मिळाली. बसायला जागासुद्धा मिळाली.

त्या दोनपैकी एक आज सापडला. वैमानिकांसाठीची उड्डाण पुस्तिका. प्रात्यक्षिकाला कोणत्या उंचीवर यायचं, कसं जोडायचं, कसं सुटायचं, हे कॅप्टन हिच्यातच वाचणार. चाचणी विभागाने लिहिलेल्या मूळ प्रतीत सहाव्या पानावर सुटण्याचा परिच्छेद होता. हळू, सरळ मागे, खालच्या अंगाने, काच धूसर झाली तर काही वळवू नये. साहेबांचा एक नियम आहे, 'एकच मजकूर'. फलकापासून पुस्तिकेपर्यंत टी-नऊविषयी सगळीकडे एकच लिहिलेलं असावं, म्हणजे गिऱ्हाइकाला दोन कागदांत दोन गोष्टी सापडत नाहीत. त्या नियमाप्रमाणे आमच्या विभागाने तो परिच्छेद काढला, कारण तो माहितीपत्रकाशी जुळत नव्हता. त्या जागी आता एकच ओळ आहे. एक थेंबही सांडत नाही.

खाली सही. माझी. 'तपासलं'.

घोषणा असती तर गोष्ट वेगळी. घोषणेवर कोणी विमान चालवत नाही. हा माणूस माझं वाक्य वाचून टोपलीतून सुटणार आहे, त्याच्या नेहमीच्या वेगाने, जीव मुठीत न धरता. कारण मी मान हलवली.

चाचणीबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तो परिच्छेद परत घालायला मी तीनदा लिहून दिलं. उत्तर आलं, मजकूर बदलायचा अधिकार फक्त तथ्य अधिकाऱ्याला."

"पण मला कोणी दाखवलंच नाही!"

"नाही ना? मग तुझं परिपत्रक एकदा वाच. चाचणीचा कागद वाचतात तसं. काय लिहिलंय, एवढंच बघ. कोणी कोणत्या प्रेमाने लिहिलं ते सोडून दे."

वाचलं. तथ्य अधिकाऱ्याच्या सहीशिवाय मजकूर बदलला जाणार नाही. विभागप्रमुखांच्यासुद्धा सहीची गरज नाही. म्हणजे माझ्या एकटीच्या सहीने बदलता येतो. कोणालाही न विचारता. साहेबांनी पहिल्याच दिवशी मला हे देऊन ठेवलं होतं आणि मी सोळा दिवस त्यांच्या दाराशी पाणी पीत होते! त्यांनी एवढा विश्वास टाकला, तो मी ओळखलाच नाही. मंगळवारी ते स्पष्ट काही बोलले नाहीत, कारण माझं काम मीच करावं असं त्यांना वाटत असणार. दाढदुखीतून उठतील तेव्हा त्यांना बरं वाटेल.

बाईंना हे सांगितलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाल्या, "हो हो. दाढ एकदम थांबेल त्यांची."

रविवार, २२

कालचा आणि आजचा दिवस शुद्धिपत्र लिहिण्यात गेला. अकरा मसुदे झाले. पहिला दोन पानांचा होता आणि त्यात माझी क्षमायाचनाच दीड पान होती. अकरावा असा आहे:

'पृष्ठ सहा. "एक थेंबही सांडत नाही" हे चूक आहे. खऱ्या इंधनाचे जोड सहा झाले. त्यांपैकी दोनदा सुटताना इंधन मागील विमानाच्या काचेवर उडालं आणि वैमानिकाला सात व अकरा सेकंद दिसलं नाही. झडप अद्याप बदललेली नाही. सुटताना हळू, सरळ मागे, खालच्या अंगाने यावं. काच धूसर झाल्यास काहीही वळवू नये. कमी उंचीवर खऱ्या इंधनाचा एकही जोड आजवर झालेला नाही. "सत्तेचाळीस वेळा इंधन भरून सिद्ध" हेही चूक आहे. चूक माझी. तथ्य अधिकारी.'

अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं तर याची चौदा पानं होतात. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर चौदा पानं चिकटत नाहीत, करून पाहिलं.

रविवारचं वाचन. बाबांना अकरावा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी दोन जागी सुधारणा सुचवल्या, मग तिसरा नियम काढला. मैदानावरचा फलक माणसाएवढ्या अक्षरांत आहे, त्याचं काय? दोनशे बारा पत्त्यांना टपालाने की हाताने? सगळ्यांना एकाच दिवशी पोचलं पाहिजे, एकाला आधी आणि एकाला नंतर हा अन्याय. फलक रंगवणारा सोमवारी मिळेल का, नाही तर पुढच्या आठवड्यात...

मी हे सगळं लिहून घेत होते. तेवढ्यात फोनवर खडखड झाली. आईने तो बाबांच्या हातातून घेतला होता.

"अगं, चूक त्या पोराच्या डोळ्यांवर उडणार आहे, आणि तुम्ही बापलेक अक्षरं मोजताय?"

"आई, नियम..."

"तीन नियम तुझ्या बाबांचे. चौथा मी सांगते. वेळेवर. तो त्यांना आयुष्यात सुचला नाही, विचार त्या कपाटाला. कॅप्टन त्या पुस्तिकेशी कधी बसणार?"

"बुधवारी सकाळी. त्याआधी ते इथे नसतात. माझ्याकडे त्यांचा नंबर नाही."

"मग बुधवारी सकाळी तू तिथे असशील. फलक राहू दे उभा, त्याला कुठे उडायचंय."

मागून बाबांचा आवाज आला, "लहान अक्षरांत चालेल का पण?"

आई म्हणाली, "तोंडाने सांगितलं की अक्षर लागतच नाही. बाई, तू नीट जेव आणि झोप."

नंतर शुद्धिपत्राची प्रत हाताने स्वच्छ लिहिली, पुस्तिकांसाठी तीन, चाचणीबाईंसाठी एक, आणि एक साहेबांसाठी, ती त्यांच्या टेबलावर ठेवायची. प्रत्येकीवर सही केली. पाचही आधी शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्या, मग सही. हात दुखला नाही.

प्रात्यक्षिक गुरुवारी, सव्वीसला, दहा वाजता. वैमानिकांची बैठक त्याच्या आदल्या दिवशी, उड्डाण विभागाच्या लांब टेबलाच्या खोलीत. पुस्तिका आधीच मांडून ठेवतात, पाण्याच्या पेल्याशेजारी. मी त्यांच्याआधी जाऊन सहाव्या पानावर शुद्धिपत्र चिकटवणार, आणि मग दाराशी थांबणार, कारण चिकटवलेलं निघू शकतं. कॅप्टन आले की म्हणणार, त्या दिवशी मी मान हलवली ती चूक होती. मग कोरडे एक्केचाळीस, ओले सहा, सांडलेले दोन. मग सेकंद. मग कसं सुटायचं, हातवारे करून. कोणी अडवलं तर परिपत्रक बरोबर आहे.

मी तिथे असेन: बुधवार, २५ तारीख, सकाळी सव्वाआठ.